आसर गाओसेबची वळलेली गोळी

कामन्याब गावाच्या आसपास एके काळी कुजबूज होती, की आसर गाओसेबनं झाडलेली गोळी कुडू हरणाला चुकवून पुढे गेली, थोडं अंतर गेल्यावर तिला आपली चूक कळली, आणि ती वळून परत आली.

पुरावाही होता. पिळाच्या शिंगांचा तो दांडगा नर आसरकडे डावी कूस करून उभा होता, हे आसर स्वतःच सांगायचा. आणि सोलायला घेतला तेव्हा गोळीचं भोक निघालं उजव्या कुशीत. मग काय विचारता! लिसबेत तेलाच्या पिंपात ज्वारीची बिअर गाळते आणि गिऱ्हाइकांच्या पेल्यात बिअरपेक्षा बातम्या जास्त ओतते. ती सांगायची, की आसरच्या आत्यानं त्या गोळीला तरसाची चरबी चोळली होती. किनाऱ्यापर्यंत गाडी नेणारा हेरेरो जमातीचा ड्रायव्हर कावारी शपथेवर सांगायचा, की आवाज दोनदा आला होता, एकदा गोळी जाताना आणि एकदा येताना. त्या वेळी कावारी जन्माला आला नव्हता, पण आवाज मात्र त्यानं ऐकला होता. आमच्याकडे एवढं चालतं.

यातली खरी गंमत अशी, की गोळीबद्दलच्या थापा साऱ्या मुलखात कुणी पकडत असेल तर तो आसरच.

आसर आता अडुसष्ट वर्षांचा. क्लिपडाम नावाच्या शिकारफार्मवर गेली चाळीस वर्षं तो जनावरांचा माग काढतो आणि पडलेली जनावरं सोलतो. शेडमध्ये लोखंडी आकडे, खाली सिमेंटची जमीन, कोपऱ्यात पाण्याचा नळ. पाहुणे बंदुकीबद्दल हवं ते बोलोत. गोळीनं आत शिरल्यावर काय केलं ते फक्त आसरला दिसतं, कारण पोट तो फाडतो, फासळ्या तो मोजतो, आणि पलीकडच्या कातड्याखाली अडकलेला शिशाचा चपटा गोळा बोटांनी चाचपून तोच काढतो. धुऊन पाहुण्याच्या तळहातावर ठेवतो. पाहुणे तो घरी नेतात आणि बायकोला दाखवतात. बायका काय म्हणतात ते आसरला कधी कळलं नाही.

या मोसमात हॉलिस नावाचे टेक्ससचे एक पाहुणे आले. माणूस दिलदार, पण अंगानं आणि बोलण्यानं भरपूर. पहिल्याच सकाळी त्यांनी भलीमोठी बंदूक आसरच्या नाकासमोर धरली.

"आसर, हिची गोळी लागली ना, की गेम्सबॉकसारखं दांडगं हरीण चार पावलं मागं उडून पडतं."

"आणि मालक, तुम्ही किती पावलं उडता?"

"मी? मी कशाला उडेन?"

"बंदूक पुढं जेवढा धक्का देते तेवढाच तुमच्या खांद्यालाही देते. तुम्ही जागच्या जागी उभे, आणि तुमच्याहून जड जनावर हवेत? मालक, तुमच्या अंगात बरंच काही आहे, पण दोन गेम्सबॉक नाहीत."

फार्मचा मालक डेटलेफ गाडीच्या टपावर बसला होता, त्यानं तोंड फिरवलं. पाहुण्यांसमोर हसायचं नसतं.

दुपारी हॉलिससाहेबांनी दुसरी काढली. गोळी नळीतून सुटली की आधी थोडी वर चढते, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं. आसर म्हणाला, "वडिलांचं ऐकावं, पण यात नाही. सुटल्या क्षणापासून ती नळीच्या रेषेखाली पडायलाच लागते. दुर्बीण नळीच्या वर बसवलेली, म्हणून नळीचं तोंड जरा वर करून ठेवलेलं असतं, एवढंच. फेकलेला दगड काय स्वतःच्या मनानं चढतो?"

तिसरी थाप सगळ्यांत आवडती. जड गोळी झाडाझुडपातून सरळ जाते म्हणे, डहाळ्या कापत, जणू नांगरच. यावर आसर बोलत नाही, दाखवतो. शेडच्या मागे त्यानं वाळक्या मोपानीच्या फांद्यांचं कुंपण केलंय आणि त्यामागे पुठ्ठा उभा केलाय. हॉलिससाहेबांनी पाच गोळ्या झाडल्या. तीन पुठ्ठ्याला लागल्याच नाहीत. एक कोपऱ्यात. एक तर आडवी घुसली होती, भोक कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखं.

"जड असो की हलकी, करंगळीएवढ्या फांदीनं तिचं डोकं फिरतं," आसर म्हणाला. "झाडीमागं जनावर असेल तर थांबायचं."

तिसऱ्या दिवशी हॉलिससाहेब थांबले नाहीत. गेम्सबॉकच्या मांडीत गोळी गेली. चार तास आसर रक्ताच्या थेंबांमागून चालला, वाकून, गुडघे दुखत. जनावर सापडलं, संपवलं, सोललं. चपटी गोळी पाहुण्याच्या हातावर ठेवताना तो एवढंच म्हणाला, "मोठ्या गोळीनं चूकच मोठी होते, मालक." हॉलिससाहेबांनी मान खाली घातली. माणूस मुळात वाईट नव्हता. मग त्यांनी हळूच विचारलं, अचूक काळजात लागली असती तर जागीच पडला असता ना?

"काळजात लागली तरी शंभर पावलं पळतो. आपण मेलोय हे त्याला अजून कळलेलं नसतं."

लिसबेत म्हणते, त्याची बायको हेंड्रिना गेल्यापासून आसरही तसाच पळतोय.

त्या संध्याकाळी डेटलेफनं पाहुण्याला फार्मवरच्या बारमध्ये नेलं. भिंतीवर त्या कुडूचं मुंडकं आहे, खाली पितळेची पट्टी, पट्टीवर आसरचं नाव. डेटलेफनं वळलेल्या गोळीची गोष्ट रंगवून सांगितली. हॉलिससाहेबांनी ग्लास खाली ठेवला आणि दारात उभ्या आसरकडे पाहिलं.

"थांब थांब. माझी गोळी करंगळीएवढ्या फांदीनं भरकटते, आणि तुझी वळून परत येते?"

सगळे खदाखदा हसले. डेटलेफसुद्धा. आसर म्हणाला, "हात धुऊन येतो." हात धुतलेलेच होते. तो परत आला नाही, कामगारांच्या वस्तीकडे घरी चालत गेला.

घर म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, अंगणात काटेरी बाभळीसारखं एक झाड आणि झाडाखाली दोन खुर्च्या. एक आसरची. दुसरीवर बकरी बसते.

दुसरी हेंड्रिनाची. हेंड्रिना म्हणजे जुन्या शिकारी सामुएलची मुलगी. उंच, तिखट जिभेची, डोक्याला फडका बांधला की राणीसारखी दिसणारी. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. गेली म्हणजे देवाघरी नव्हे, वॉल्विस बेला, मुलीकडे. बंदराच्या फाटकापाशी तळलेल्या पिठाचे गोळे विकते, आणि म्हणे खलाशीसुद्धा तिच्यासमोर रांगेत उभे राहतात.

कारण ती गोष्टच. आसर दर लग्नात, दर बारशात ती सांगायचा, आणि दर वर्षी कुडू लांब लांब जायचा. आधी शंभर पावलांवर होता, मग तीनशे, मग सहाशे. हेंड्रिना जवळच मांसाच्या पातेल्यापाशी उभी असायची, वाढत, गप्प. अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या मुलाच्या कन्फर्मेशनला, चर्चच्या त्या विधीच्या जेवणाला, आसरला चेव चढला आणि त्यानं नवीनच जोडलं: "आणि माझी ही लाकडं गोळा करत होती, ती आवाजानं अशी किंचाळत पळाली की डोक्याचा फडका काट्यांत राहिला!" लोक पोट धरून हसले. हेंड्रिनानं पळी पातेल्यात सोडली आणि घरी गेली.

"सहाशे पावलं म्हणालास, मी गप्प," आसर घरी आल्यावर ती म्हणाली. "गोळी वळली म्हणालास, मी गप्प. इतकी वर्षं गप्प. पण मी किंचाळले?"

"अगं, गोष्टीला जरा मीठ लागतंच."

"मीठ तुझं असेल आसर. मांस माझं आहे."

सकाळी ती कावारीच्या गाडीत बसली. अट तिनं खिडकीतून सांगितली, आणि अर्ध्या वस्तीनं ऐकली: ज्या दिवशी ती गोष्ट चार माणसांत जशी घडली तशी सांगशील, त्या दिवशी बघू.

तेव्हापासून आसर दर महिन्याला कुडूच्या पाठीचं मऊ मांस मीठ लावून सुकवतो, पिठाच्या पोत्याच्या फडक्यात बांधतो आणि कावारीजवळ देतो. उत्तर येत नाही. फडकं येतं, धुतलेलं, इस्त्री केलेलं. आसर ते नाकाशी नेतो. कधी मासळीचा वास येतो, कधी तळणाचा, आणि एकदा तिच्या त्या हिरव्या साबणाचा आला होता, तेव्हा दोन दिवस त्यानं ते फडकं उशाशी ठेवलं. किनाऱ्याहून कुणीही आलं की तो एकच विचारतो, "तिकडं धुकं होतं का?" धुक्यात हेंड्रिनाला खोकला होतो. चहा अजून दोघांचा उकळतो. दुसरा पेला झाडाला ओततो, आणि झाड बाकी चांगलं पोसलंय.

मग सांगून का टाकलं नाही, असं तुम्ही म्हणाल. सांगणं सोपं होतं. पण पितळेची पट्टी होती, पाहुणे त्याचं नाव घेऊन येत होते, लिसबेत पहिला पेला फुकट देत होती. चाळीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या गोळ्या दुसऱ्यांच्या हातावर ठेवल्या, त्याच्या स्वतःच्या नावावर ती एकच तर गोळी होती. दर रविवारी तो ठरवायचा, सांगायचं. दर सोमवारी कुणीतरी आजोबा म्हणून हाक मारून विचारायचं, "काय ओपा, वळली का गोळी?" आणि तो हसून मान हलवायचा.

त्या रात्री, बारमधून आल्यावर, त्याला झोप नव्हतीच. सकाळी कावारीनं अंगणात गाडी थांबवली आणि खिडकीतूनच ओरडला, "ओपा आसर! दाढी करा!"

"का रे, मेलो का मी?"

"शनिवारी तुमच्या आल्माला मागणी घालायला येतायत. इथं, तुमच्या अंगणात. रीतीनं आजा-आजी शेजारी शेजारी बसलेले लागतात." कावारीनं हॉर्न उगाचच वाजवला. "शुक्रवारी ओमा हेंड्रिनाला आणतोय मी. तिला पुढची सीट. तुमच्यासाठी काही आणू? धीर वगैरे?"

आल्मा ही त्याची नात, मुलगी सोफियाची पोर. मागणीची आमची रीत ठाऊकच आहे. मुलाकडचे येतात, जमिनीवर बसतात, आणि मुलीकडचे खुर्च्यांवर बसून त्यांना रडवतात. पहिल्या खेपेला होकार द्यायचाच नसतो. दोनदा, तीनदा, जमल्यास चारदा परत पाठवायचं. पण त्याआधी मुलीच्या घरच्यांनी आपसांतलं काही तटलेलं असेल तर ते सगळ्यांसमोर मोकळं करायचं. तुटलेल्या घरातून पोर देत नाहीत.

हेंड्रिना शुक्रवारी दुपारी उतरली. केस पांढरे झालेले, पाठ तशीच ताठ. अंगणात उभी राहून तिनं सगळीकडे नजर फिरवली.

"माझ्या खुर्चीवर बकरी बसते वाटतं."

"तुझी जागा धरून ठेवली होती."

"तू की बकरीनं?"

आसरनं खुर्ची पुसली. दोनदा पुसली. चहा ठेवला, दोन पेले भरले, आणि सवयीनं दुसरा झाडाकडे नेऊ लागला तो अर्ध्या वाटेवरून परत आणून तिच्यापुढे धरला. हे पाहायला लिसबेत कुंपणाशी होतीच. "किनाऱ्यावर धुकं होतं का?" त्यानं विचारलं. "होतं," हेंड्रिना म्हणाली. तेवढंच बोलणं झालं. ती आत सोफियाच्या जुन्या खाटेवर झोपली, आणि आसर पहाटेपर्यंत भिंतीपलीकडचा खोकला मोजत राहिला.

शनिवारी अंगण भरलं. मुलाकडचे चटईवर. मुलाचा मामा फेस्टस त्यांचा बोलका माणूस, गोड जिभेचा. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला खूश करावं.

"ओपा, पोर मागायला आलोय, पण त्याआधी एक मागणं. ज्या घरातून आम्ही मुलगी नेणार त्या घरातली ती वळलेल्या गोळीची गोष्ट एकदा तुमच्या तोंडून होऊ द्या!"

"होऊ द्या, होऊ द्या!" सगळे ओरडले. आल्मा दारात उभी होती, तिनं कपाळावर हात मारला.

हेंड्रिना स्वतःच्या हातांकडे पाहत होती. अकरा वर्षांत आसरनं या क्षणाची शंभर उत्तरं तयार केली होती. तो उभा राहिला.

"आधी रीत," तो म्हणाला. "घरात तटलेलं काही आहे. ते मोकळं करतो. गोळी वळली नव्हती."

हशा.

"हसू नका. गोळी वळत नाही. गेली की गेली. भोक उजव्या कुशीत होतं, कारण उजव्या बाजूनं कुणीतरी मारली होती."

"कुणी?" फेस्टसनं विचारलं.

आसरनं शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं.

मग असा हशा पिकला की बकरी कुंपण ओलांडून गेली. लिसबेत डोळे पुसत म्हणाली, "बायको परत आणायला म्हातारा काय काय करेल गं बाई!" कावारी म्हणाला, "तरीच आवाज दोनदा!" आणि स्वतःच्याच विनोदावर मांड्या थोपटू लागला. फेस्टस म्हणाला, "ओपा, ही तर जुन्या गोष्टीपेक्षा भारी. आम्ही हीच सांगू आता."

"खरं सांगतोय!" आसर ओरडला. "बंदुकीची शपथ! तीस पावलांवरून मारली तिनं!"

जितक्या शपथा तितकं हसू. आयुष्यभर त्याची थाप ज्यांनी डोळे मिटून गिळली, त्यांच्या घशाखाली खरं काही उतरेना. आसर मटकन खाली बसला. त्याला वाटलं, गेली. आता ती कायमची गेली.

तेवढ्यात शेजारून हळू आवाज आला, फक्त त्याला ऐकू जाईल एवढाच.

"बेचाळीस."

"काय?"

"बेचाळीस पावलं. तीस नव्हे. सांगायचंय तर नीट सांग."

लिसबेतचं समाधान झालं नव्हतं. "मग ओमा, एकदा बंदूक खांद्याला लावून दाखवा की आम्हाला!"

"मी दाखवायला आले नव्हते लिसबेत," हेंड्रिना म्हणाली. "ऐकायला आले होते. ऐकलं."

मग आसरनं घसा साफ केला आणि मुलाकडच्यांना रीतीप्रमाणे सांगितलं, की पोर अजून लहान आहे, हिला स्वयंपाक येत नाही, पुढच्या महिन्यात या. आल्मा सव्वीस वर्षांची आहे आणि बंदरावरच्या हॉटेलात स्वयंपाकीणच आहे.

सोमवारी हेंड्रिना परत गेली. तिचं दुकान होतं, नातवंडं होती, अकरा वर्षांचं घर होतं. पण आजीची खुर्ची रिकामी ठेवून मागणी होत नाही, म्हणून पुढच्या महिन्यात तिला यावंच लागलं. त्या खेपेला आसरनं पुन्हा नाही म्हटलं, आणि ती चार दिवस राहिली. तिसऱ्या खेपेला त्यानं मुलाच्या बुटांत खोट काढली. ती आठवडाभर राहिली. चौथ्या खेपेला फेस्टसनं हात जोडले, "ओपा, आता आणखी काय हवंय तुम्हाला?" आणि आसरनं हेंड्रिनाकडे बघून उसासा सोडला, "विचार करायला वेळ."

"ओपा, माझं लग्न माझ्या हयातीत होईल ना?" आल्मा म्हणते.

"रीत आहे पोरी," आसर म्हणतो.

सगळ्या कामन्याबला कळतं तो कशासाठी नाही म्हणतोय. हेंड्रिनालाही कळतं. प्रत्येक खेपेला ती परतीच्या गाडीत बसते, आणि तो गाडीची धूळ पूर्ण खाली बसेपर्यंत रस्त्यात उभा राहतो. परत ये, असं त्यानं अजून एकदाही म्हटलेलं नाही. ती येते म्हणते, राहते म्हणत नाही. पितळेच्या पट्टीबद्दल त्यानं डेटलेफला सांगितलं. डेटलेफ हसला आणि पट्टी तशीच ठेवली. पाहुणे अजून वळलेल्या गोळीबद्दलच विचारतात.

खरं एवढंच आहे. त्या दुष्काळाच्या वर्षी सोफियाच्या कन्फर्मेशनच्या जेवणासाठी आसरला एक कुडू मारायची परवानगी मिळाली होती. त्यानं ऐंशी पावलांवरून झाडीतून गोळी झाडली. ती फांदीला लागून वारुळात गेली. कोरड्या नाल्याच्या पलीकडे हेंड्रिना होती, वडिलांची जुनी बंदूक घेऊन. तिनं बेचाळीस पावलांवरून एकच गोळी मारली. त्या बंदुकीला कागद नव्हते आणि पोलिसांनी हेंड्रिनाला धरलं असतं, म्हणून फार्मच्या जुन्या मालकानं भोकाबद्दल विचारलं तेव्हा आसर म्हणाला, गोळी वळली असेल. कुडू हेंड्रिनानं मारला होता.